बिल्ल्याची मागची बाजू

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त गच्चीवर झालेल्या व्याख्यानमालेतील एका भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



तुमच्यापैकी बहुतेकांना मी 'ए विंगचे नाणीवाले काका' म्हणून माहीत आहे. चौतीस वर्षं बँकेत कॅशियरच्या पिंजऱ्यात बसलो, दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजले आणि घरी येऊन हौसेनं जुनी नाणी मोजत बसलो. आमच्या घरात याला वेड म्हणतात. सांस्कृतिक समितीनं 'छंद' म्हटलं आणि अर्धा तास दिला, त्याबद्दल आभार.

आज एक नाणं आणलंय. लांबून दाखवत नाही, पहिल्या रांगेतून फिरवायलाच देतो. हातात घ्या, वजन बघा. फक्त शेवटच्या रांगेतून ते माझ्याकडे परत आलं पाहिजे. कॅशियरची जात आहे, मी मोजून दिलंय!

जड आहे ना? साधारण २८ ग्रॅम तांबं, म्हणजे एक औंस. एका बाजूला डोक्यावरून वस्त्र घेतलेला दाढीवाला म्हातारा दिसेल आणि भोवती ओकच्या पानांची माळ. हा इंग्लंडचा राजा नव्हे. हा ड्रुइड, म्हणजे तिथल्या प्राचीन लोकांचा पुरोहित. नाणं १७८७ सालच्या प्रकारातलं आहे आणि ते कोणत्याही सरकारनं पाडलेलं नाही, एका खाण कंपनीनं पाडलंय. मागच्या बाजूला कंपनीची आद्याक्षरं आहेत आणि भोवती इंग्रजीत लिहिलंय, 'आम्ही धारकास एक पेनी देण्याचे वचन देतो.' आपल्या नोटेवर गव्हर्नर जे वचन देतात, तसंच. आता नाणं उभं धरून कड बघा. कडेवर पत्ते आहेत : मागाल तेव्हा, लंडन, लिव्हरपूल किंवा अँगलसी येथे.

खाण कंपनीवर नाणी पाडायची वेळ का आली आणि लोकांनी अशाच नाण्यांवर राज्यकर्त्यांची टर कशी उडवली, हे आज सांगतो. शेवटी आपल्या गेटवर येऊ. जुन्या सभासदांना आठवत असेल, पहिली दोन वर्षं आपणही आपलं स्वतःचं नाणं चालवलं होतं. त्याबद्दल मला आज काही बोलायचं आहे, आणि ते गमतीचं नाही.

आधी त्या काळातल्या इंग्लंडचा हिशोब समजून घेऊ. बारा पेन्सचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड. ज्यांनी आणे-पै वापरलेत त्यांना हे जड जाणार नाही. सोन्याची गिनी होती २१ शिलिंगांची. शेतमजुराला आठवड्याला मिळायचे सात-आठ शिलिंग. म्हणजे एक गिनी ही त्याची अडीच-तीन आठवड्यांची कमाई. ती घेऊन तो पाव आणायला गेला, तर दुकानदार मोड कुठून देणार? गरिबाचा संसार चालायचा तो पेनी, अर्धी पेनी आणि पाव पेनीवर. पाव पेनीला ते फार्दिंग म्हणत.

आणि नेमकी हीच नाणी पाडायला राजाच्या टांकसाळीला सवड नव्हती. सोन्याच्या नाण्यात राज्याची इभ्रत होती, तांब्यात नुसती कटकट. १७७५ नंतर बावीस वर्षं लंडनच्या टांकसाळीनं देशासाठी तांब्याचं नाणं पाडलं नाही. वर्षं कोणती होती बघा. गिरण्या उभ्या राहत होत्या, कालवे खोदले जात होते, खाणी वाढत होत्या. आठवड्याच्या शेवटी हजारो मजुरांना रोख मजुरी द्यायची, आणि सुटे नाहीत. काही मालक चार-सहा जणांत मिळून एक मोठं नाणं द्यायचे. मग ती टोळी मोड करायला गुत्त्यावर जायची. मोड मिळायची, पण काही प्यायल्याशिवाय नाही. त्यातून घरी किती पोचायचं, ते त्यांच्या बायकांनाच ठाऊक.

जिथे खरं नाणं नसतं तिथे खोटं येतं. बर्मिंगहॅम शहरात बटणं आणि बकलं करणारे कारागीर पुष्कळ. बटण पाडणाऱ्याला नाणं पाडायला कितीसा वेळ? टांकसाळीनं १७८७ साली पाहणी केली तेव्हा चलनातल्या तांब्याच्या नाण्यांत राजाच्या नाण्याशी बरं साम्य असलेली नाणी शंभरात दहासुद्धा भरली नाहीत. मॅथ्यू बोल्टन नावाचा मोठा कारखानदार होता, वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटचा भागीदार. त्यानं १७८९ मध्ये सरकारातल्या एका लॉर्डला पत्र लिहिलं. प्रवासात टोलनाक्यांवर मला जी मोड मिळते तिच्यात सरासरी दोन तृतीयांश नाणी खोटी असतात, असं त्यानं कळवलं. टोलनाका आणि सुट्ट्यांची भानगड ही काही आपल्याच नशिबी आलेली नाही!

त्याच पत्रात पुढची गोष्ट आहे आणि ती जास्त वाईट आहे. काही मालक वीस शिलिंग मोजून छत्तीस शिलिंगांची खोटी नाणी विकत घेत आणि तीच मजुरांना पगारात देत. म्हणजे खोट्या नाण्याचा तोटा फिरत फिरत शेवटी ज्याच्या हातात राहायचा, तो सगळ्यात खालचा माणूस.

काही खोटे नाणेवाले तर वकिलाच्या वरताण. राजाच्या नाण्याची हुबेहूब नक्कल केली तर गुन्हा. म्हणून ते अक्षरं थोडी बदलायचे. चेहरा राजासारखाच, पण राजाच्या लॅटिन बिरुदाच्या जागी 'जॉर्ज राज्य करतो' असलं काहीतरी. वाचता न येणाऱ्याला काय कळणार? आणि पकडलं तर म्हणायचं, आम्ही नक्कल कुठे केली, आमचा मजकूर वेगळा आहे.

अशा बाजारात १७८७ साली हा तुमच्या हातातला ड्रुइड आला. वेल्सच्या उत्तरेला अँगलसी बेट आहे. तिथल्या पॅरिस डोंगरात तांब्याची प्रचंड खाण होती. हे पॅरिस फ्रान्समधलं नव्हे. खाणीचा कारभार पाहणारा थॉमस विल्यम्स मूळचा वकील. त्याच्याकडे तांबं भरपूर, मजूर भरपूर आणि सुटे नाहीत. त्यानं स्वतःचं टोकन पाडलं. राजाची टांकसाळ एक पौंड वजनाच्या तांब्यात तेवीस पेन्सची नाणी काढायची, यानं सुरुवातीला सोळाच पेन्स काढले. कंपनीचं नाणं राजाच्या नाण्याहून वजनदार! शिवाय त्यावर कंपनीची अक्षरं आणि नाणं परत घेण्याचे पत्ते. लोकांनी ते डोळे मिटून घेतलं.

मला या ठिकाणी नेहमी थांबावंसं वाटतं. त्या नाण्यामागे कायदा नव्हता, शिपाई नव्हता. ते चाललं, कारण त्यावर लिहिलं होतं की हे कोणी दिलंय आणि परत कुठे द्यायचं. नाव आणि पत्ता, एवढीच त्याची ताकद.

मग रांग लागली. जॉन विल्किन्सन नावाचा लोखंडाचा कारखानदार. त्याला लोखंडाचं इतकं वेड की त्यानं लोखंडी होडी पाण्यात सोडून दाखवली आणि स्वतःसाठी लोखंडी शवपेटी करून ठेवली. त्यानं टोकनावर स्वतःचाच चेहरा घातला आणि भोवती लिहिलं, 'जॉन विल्किन्सन, आयर्न मास्टर.' जिथे राजाचं मुंडकं असायचं तिथे हे महाशय! लोकांनी मनसोक्त चेष्टा केली, पण टोकन घेतलं. कव्हेन्ट्रीच्या फीतवाल्यांनी १७९२ च्या टोकनावर घोड्यावर बसलेली लेडी गोडायव्हा काढली. लोकांवरचा कर नवऱ्यानं कमी करावा म्हणून ती विवस्त्र होऊन गावातून फिरली, अशी आख्यायिका आहे. नाण्यावरही ती तशीच आहे, म्हणून ते नाणं मी आज घरी ठेवून आलोय. मागच्या बाजूला पाठीवर किल्ला घेतलेला हत्ती, ते त्या शहराचं चिन्ह. किराणावाले, कापडवाले, कालव्याच्या कंपन्या, लंडनचा एक प्राणिसंग्रहालयवाला, ज्याला त्याला स्वतःचं टोकन हवं झालं. घरोघरी मातीच्या चुली म्हणतो तसं दुकानोदुकानी तांब्याचे शिक्के.

अर्थात सगळेच विल्यम्स नव्हते. हलक्या वजनाची, नावगाव नसलेली टोकनंही निघाली. काहींच्या कडेवर पत्त्याच्या जागी लिहिलेलं असायचं, 'सर्वत्र चालू'. बँकेतल्या अनुभवानं सांगतो, जो सगळीकडे चालेल म्हणतो तो कागद हमखास कुठेच वटत नाही.

आता राजकारणाकडे वळू. १७८९ मध्ये फ्रान्समध्ये क्रांती झाली आणि इंग्लंडच्या सरकारची झोप उडाली. पंतप्रधान होता धाकटा विल्यम पिट. वर्तमानपत्रांवर स्टँपचा कर होता, त्यामुळे ती गरिबाला परवडायची नाहीत. राजद्रोही लिखाणावर करडी नजर होती. अशा वेळी लोकांच्या लक्षात आलं की टोकन हे छोटं वर्तमानपत्रच आहे. त्याला स्टँपकर नाही. ते फाटत नाही. वाचता न येणाऱ्यालाही चित्र कळतं. आणि एका हातातून दुसऱ्या हातात जाणं, हाच मुळी त्याचा धंदा.

पहिला टोला सरकारच्या बाजूच्यांनी मारला असं म्हणायला हरकत नाही. 'मानवाचे हक्क' लिहिणाऱ्या थॉमस पेनवर त्यांचा भारी राग. त्यांनी फासावर लटकणारा माणूस काढला आणि लिहिलं, 'एण्ड ऑफ पेन'. पेनचा शेवट, आणि इंग्रजीत पेन म्हणजे वेदना, म्हणून वेदनेचाही शेवट. समोरच्यांनी तोच फास उचलला आणि १७९६ च्या टोकनावर लिहिलं, 'एण्ड ऑफ पिट'. लंडनच्या सुधारणावादी मंडळाचा सचिव थॉमस हार्डी हा साधा चांभार. त्याच्यावर राजद्रोहाचा खटला झाला आणि ५ नोव्हेंबर १७९४ रोजी ज्यूरीनं त्याला निर्दोष सोडलं. त्याचीही टोकनं निघाली, तारखेसकट. निकालपत्र लोकांच्या खिशात! गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीनं गुडघे टेकलेला, साखळदंडातला माणूस काढला, 'मी माणूस नाही का, तुमचा भाऊ नाही का?' असं विचारणारा.

या सगळ्यांत माझा आवडता माणूस म्हणजे थॉमस स्पेन्स. न्यूकॅसलला १७५० साली जन्म, बापाच्या घरी भावंडांचा गोतावळा, गरिबी. शाळामास्तरकी केली. इंग्रजी स्पेलिंग उच्चाराप्रमाणे लिहावं म्हणून यानं १७७५ मध्ये स्वतःचा शब्दकोश काढला. त्याला देवनागरी माहीत असती तर फार खूश झाला असता बिचारा.

त्याच साली त्यानं न्यूकॅसलच्या तत्त्वज्ञान मंडळात एक भाषण दिलं. म्हणाला, गावाची जमीन एकेकट्या जमीनदाराची नसावी, सगळ्या गावाची मिळून असावी. प्रत्येकानं आपल्या तुकड्याचं भाडं गावाला द्यावं आणि त्यातून सामाईक खर्च भागवावा. ऐकून काही आठवतंय का? जमिनीच्या कन्व्हेअन्ससाठी आपण किती वर्षं चपला झिजवल्या! ती जमीन सोसायटीच्या नावावर झाली त्या दिवशी मी घरी जाऊन म्हटलं, आज स्पेन्स हवा होता. घरच्यांना वाटलं, माझा कुणी बँकेतला मित्र.

बरं, पुढे काय झालं? स्पेन्सनं ते भाषण छापलं आणि रस्त्यावर विकलं, म्हणून मंडळानं त्याला काढून टाकलं. स्मरणिकेच्या संपादकांनी या भाषणाचा मजकूर आधीच मागून ठेवलाय, त्यामुळे मी जरा जपून बोलतोय.

लंडनला येऊन त्यानं पुस्तकांचं छोटं दुकान टाकलं. एडमंड बर्क या मोठ्या विद्वानानं सामान्य जनतेला 'डुकरांचा कळप' म्हटलं होतं. स्पेन्सनं साप्ताहिक काढलं, एक पेनी किंमत, आणि नाव ठेवलं 'डुकरांचं खाद्य'. १७९४ मध्ये सरकारनं हेबियस कॉर्पस स्थगित केलं आणि याला उचलून न्यूगेटच्या तुरुंगात टाकलं. सात महिने, खटल्याशिवाय. सुटून आल्यावर यानं काय करावं? स्वतःचा चेहरा असलेलं टोकन काढलं आणि लिहिलं : टी. स्पेन्स, राजद्रोहासाठी सात महिने कैदेत. सरकारनं ज्याला डाग मानलं, तो यानं तांब्यावर छापून पदकासारखा मिरवला.

त्याच्या टोकनांवरची चित्रं एकेक बघण्यासारखी आहेत. राजचिन्हं पायदळी तुडवणारं डुक्कर. एकावर एक गोण्या लादलेलं गाढव. गोण्यांवर लिहिलंय 'भाडी' आणि 'कर', आणि गाढव म्हणतंय, पहिली जोडी वाहिली तेव्हाच मी गाढव ठरलो! दुसऱ्या एकावर खलाशी भरतीसाठी रस्त्यातून माणसं पकडून नेणारी टोळी आणि वर मथळा, 'ब्रिटिश स्वातंत्र्याचे प्रदर्शन'. आणि एक साधी, समोर बघत बसलेली मांजर. ती म्हणते, गुलामांच्यात मी माझं स्वातंत्र्य उपभोगते. मांजर कुणाच्याच हुकमात नसते, हे ज्यांच्या घरी आहे त्यांना सांगायला नको.

ही सगळी टोकनं बाजारात मोड म्हणून चालली असं नाही. बरीचशी माझ्यासारख्या वेड्या संग्राहकांनी विकत घेतली, आणि स्पेन्सनं स्वतः १७९५ मध्ये संग्राहकांसाठी यादीही छापली. पोट त्यालाही होतं. पण त्यानं नि त्याच्या अनुयायांनी आणखी एक केलं. चलनातल्या राजाच्या नाण्यांवर ठसा मारून आपल्या घोषणा उठवल्या. नाणं राजाचं, धातू राजाचा आणि वर शब्द स्पेन्सचा. आता ते पैसे म्हणून चालवायचं की राजद्रोह म्हणून जप्त करायचं? राजाच्या माणसांना तांबं टाकवत नाही आणि मजकूर बघवत नाही.

स्पेन्स १८१४ मध्ये गेला, गरिबीतच. अंत्ययात्रेत टोकनं वाटली आणि पेटीच्या पुढे एक तराजू धरला होता. त्याचं म्हणणं न्यायाचं होतं, हे सांगण्यासाठी.

तराजूवरून आपल्या मुंबईची आठवण येते, आणि हा संबंध ओढूनताणून आणलेला नाही. ज्या बोल्टनचं पत्र मघाशी सांगितलं, त्यानं बर्मिंगहॅमजवळ सोहो इथे वाफेवर चालणारी टांकसाळ उभारली. इंग्लंडचं सरकार काम देईना, तेव्हा त्यानं इतरांची नाणी पाडली. १७९१ मध्ये त्या टांकसाळीतून ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यासाठी तांब्याची नाणी निघाली आणि जहाजानं इथे आली. त्यांच्या एका बाजूला कंपनीच्या मालाच्या गाठींवर असायचं ते व्यापारी चिन्ह, दुसऱ्या बाजूला तराजू आणि फारसी लिपीत 'अदल', म्हणजे न्याय. विल्किन्सननं स्वतःचं डोकं छापलं तेव्हा त्याचे देशबांधव हसले. इथे एका व्यापारी कंपनीनं स्वतःची खूण छापली, शेजारी न्याय लिहिला आणि राज्य केलं. त्या नाण्यावर परत घेण्याचा पत्ता मात्र मला कुठे सापडला नाही.

अखेर १७९७ साली सरकारला जाग आली. बोल्टनला तांब्याच्या नाण्यांचं कंत्राट मिळालं. त्यानं पाडलेल्या पेनीला लोक गाडीचं चाक म्हणत, इतकी ती रुंद आणि जाड. आपल्या ढब्बू पैशाचा थोरला भाऊ समजा. लोकांना मोड मिळाली आणि टोकनांची लाट ओसरली. १८११ च्या सुमारास पुन्हा टंचाई झाली, पुन्हा टोकनं आली आणि १८१७ च्या कायद्यानं ती बंद झाली.  पण इतकी वर्षं लोकांनी ती का चालवली, याचं उत्तर कायद्यात नाही, टंचाईत आहे.

आता आपल्या गेटवर येतो.

आपण राहायला आलो तेव्हा नळजोडणी नव्हती. आजच्या मुलांना खरं वाटणार नाही, पण टँकर आला की गेटवर बादल्यांची लढाई व्हायची. मी खजिनदार होतो. मीच सुचवलं की बिल्ले काढू. बाजारात भांड्यांवर नावं घालणारा बसायचा, त्याच्याकडून पितळेचे पाचशे बिल्ले करून घेतले. पुढे सोसायटीची आद्याक्षरं आणि नंबर, मागची बाजू कोरी. एक बिल्ला म्हणजे दोन बादल्या.

महिनाभरात तो बिल्ला चलन झाला. इस्त्रीवाल्याला पाणी लागायचं, तो इस्त्रीचे पैसे बिल्ल्यात घ्यायला लागला. ज्यांच्या घरी दोनच माणसं, ते उरलेले बिल्ले कामवाल्या बाईंना द्यायचे. मला त्याचा अभिमान वाटायचा. फक्त टँकर आला नाही त्या दिवशी बिल्ला हातात राहायचा आणि बादली रिकामी. सभेत विचारलं की मी सांगायचो, 'तीन महिन्यांत नळ येतोय.' दर सभेत सांगायचो.

एके दिवशी माझ्याकडे परत आलेल्या बिल्ल्याच्या कोऱ्या बाजूवर, भांड्यावर असतात तशा ठिपक्यांत कोरलेलं होतं, 'तीन महिन्यांत'. मग आणखी एक आला, नळ आणि नळाला कोळ्याचं जाळं. मग एक आला, त्यावर नुसता चष्मा. एवढ्या जाड भिंगांचा चष्मा तेव्हा सोसायटीत माझाच होता.

मी चिडलो. खास सभा बोलावली. 'सोसायटीच्या मालमत्तेचे विद्रूपीकरण' असा विषय घातला. बी विंगमधले एक गृहस्थ कारखान्यात टूलरूमला होते, त्यांच्या घरी कोरायची हत्यारं होती. एवढ्यावरून मी भर सभेत त्यांच्याकडे बोट केलं. ते म्हणाले, 'हत्यार माझ्याकडे आहे म्हणून हात माझाच असं होत नाही, भाऊसाहेब.' सभेनं १०१ रुपये दंड केला. त्यांनी तो भरला आणि पावती मागून घेतली. पावतीवर सही माझी आहे.

पुढच्याच महिन्यात त्यांचे वडील गेले. ते चाळीस दिवस गावी होते, घराला कुलूप होतं. आणि त्या चाळीस दिवसांत कोरलेले सात नवे बिल्ले माझ्या हिशोबात आले. मी कॅशियर आहे मंडळी, मी ते मोजले. मला त्याच दिवशी कळलं. मी कुणाला काही बोललो नाही. माफी मागितली तर समितीचं काय राहील, असं वाटलं. नळ आला तो दोन वर्षं चार महिन्यांनी. पाचशेपैकी ४६३ बिल्ले जमा झाले, ते मोडीत दिले. सभावृत्ताच्या वहीत तो दंड अजून तसाच आहे.

काही वर्षांपूर्वी मी स्पेन्सबद्दल वाचत होतो. पिटला हसत होतो, मांजरीला दाद देत होतो. रात्री कपाटाचा खण उघडला आणि चष्म्याचा बिल्ला हाताला लागला. तो मी मोडीत दिला नव्हता, का ते सांगता येणार नाही. तेव्हा लक्षात आलं की या गोष्टीत मी स्पेन्स नाही, साधा दुकानदारही नाही. बिल्ला मी काढला, वचन मी दिलं, ते पाळता आलं नाही, आणि कुणीतरी मागच्या बाजूला तेवढंच लिहिलं तर मी त्याच्यावर खटला भरला. तोही भलत्याच माणसावर.

ते गृहस्थ आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत. नाव घेत नाही, त्यांना आवडणार नाही. दादा, मी चुकलो होतो. तुम्ही ते केलं नव्हतं हे मला तेव्हापासून माहीत होतं. ज्या लोकांसमोर तुमच्याकडे बोट केलं, त्यांच्यासमोर आज माफी मागतो. दंडाचे पैसे या पाकिटात आहेत. बँकेतला माणूस म्हणून व्याजही काढलंय, पण व्याजानं हे फिटत नाही तेही कळतं. चेअरमनसाहेब, तो ठराव चुकीचा होता अशी नोंद पुढच्या सभावृत्तात करावी, ही माझी लेखी विनंती आहे. अर्ज सोबत आणलाय.

आणि ज्यानं कोणी ते कोरलं, तो किंवा ती आज इथे असेल, तर हात वर करू नये. मला नाव नको. तुमचं अक्षर सुंदर होतं आणि मजकूर खरा होता. सदतीस बिल्ले अजून परत आलेले नाहीत. ते तुमच्याकडे असतील तर जपून ठेवा. नव्या समितीनं पुनर्विकासाची बोलणी सुरू केली आहेत आणि वचनंही द्यायला लागली आहेत. तेव्हा मागची बाजू लागेल.

अर्धा तास झाला. थांबतो.

अहो, माझा ड्रुइड कुठल्या रांगेत पोचला?